हाँगकाँगची पाणीटंचाई आणि कँटोनीज सिनेमातले शेजारी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जुने कँटोनीज चित्रपट पाहू लागलेल्या मराठी प्रेक्षकांकडून येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्म्याहून अधिक प्रश्न फिरून फिरून पाण्यावरच येतात. पडद्यावर सतत बादल्या, डबे आणि रांगा का दिसतात, बिऱ्हाडकरू नळावरून इतके का भांडतात आणि त्याच नळापाशी पुन्हा एक का होतात, हे अनेकांना जाणून घ्यायचे असते. ते प्रश्न येथे एकत्र केले आहेत. जेथे उत्तर आधीच दुसरीकडे आलेले आहे, तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. हे नेमके कोणते चित्रपट? सुरुवात कोठून करावी?

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या हाँगकाँगमध्ये एका छपराखाली दाटीवाटीने राहणाऱ्या बिऱ्हाडांवर कँटोनीज या तेथल्या बोलचालीच्या चिनी भाषेत बरेच चित्रपट निघाले. त्यांतील तीन येथे वारंवार येतील. पहिला १९५३ चा ‘इन द फेस ऑफ डिमॉलिशन’, दिग्दर्शक ली टिट. दुसरा १९५४ चा, ज्याचे नावच ‘खालच्यांनो, नळ बंद करा’ अशा अर्थाचे आहे. तिसरा आणि सर्वांत गाजलेला १९७३ चा ‘द हाऊस ऑफ ७२ टेनंट्स’, दिग्दर्शक छॉर युएन. या तिसऱ्याला मराठीत ‘बहात्तर बिऱ्हाडे’ म्हणणे अगदी योग्य होईल आणि पुढे तेच नाव वापरले आहे. नवख्या प्रेक्षकाने ‘बहात्तर बिऱ्हाडे’पासून सुरुवात करावी, कारण तो रंगीत आहे, वेगवान आहे आणि सहज मिळतो.

२. ‘बहात्तर बिऱ्हाडे’ची कथा थोडक्यात काय आहे?

एक जुनाट वाडा, मधोमध चौक आणि भोवती खोल्या. खोल्यांत चांभार, धोबीण, फेरीवाले अशी हातावर पोट असलेली माणसे राहतात. वाड्याचा कारभार बाठ कू नावाची बाई आणि तिचा नवरा यांच्या हाती आहे. भाडेकरूंना हुसकून लावण्यासाठी ती नाना उपाय करते, आणि पाणी तोडणे हा त्यांतला सर्वांत हुकमी उपाय आहे. तिच्या पाठीशी ३६९ या बिल्ल्याच्या क्रमांकानेच ओळखला जाणारा लाचखाऊ पोलीस शिपाई आहे. घरात वाढवलेल्या आ हेउंग या मुलीला ती एका बड्या पोलीस अधिकाऱ्याच्या घरात रखेल म्हणून देऊ पाहते, आणि तिला सोडवण्यासाठी सगळी बिऱ्हाडे एक होतात.

कथानक सलग नाही, ती प्रसंगांची माळ आहे. एकाच नायकाचा शोध घेत बसणाऱ्या प्रेक्षकाचा त्यामुळे पहिल्या अर्ध्या तासात गोंधळ उडतो. येथे नायकपण अख्ख्या चौकाचे आहे, हे मनात धरून पाहिले म्हणजे चित्रपट उलगडत जातो.

३. ही बाई वाड्याची मालकीण आहे ना? मग स्वतःच्याच वाड्याची ती अशी दुर्दशा का करते?

बहुतेक जुन्या हाँगकाँगी चित्रपटांत ज्याला उपशीर्षकांत ‘घरमालक’ म्हटलेले असते, तो खरा मालक नसतो. मूळ मालकाकडून अख्खा मजला किंवा अख्खी इमारत भाड्याने घ्यायची, फळ्यांच्या पडद्या ठोकून तिचे लहान लहान कप्पे करायचे आणि ते पोटभाडेकरूंना द्यायचे, असा धंदा करणारा तो मुख्य भाडेकरू असतो. मूळ मालकाचे भाडे आणि पोटभाडेकरूंकडून गोळा होणारे भाडे यांतील फरकावर त्याचे घर चालते. त्यामुळे दुरुस्तीवर पैसा घालण्यात त्याचे हित नसते आणि पाण्याच्या प्रत्येक बादलीकडे तो खर्च म्हणूनच पाहतो.

यामागे कायद्याचाही हात होता. युद्धानंतर घरे अपुरी पडल्यावर १९४७ मध्ये हाँगकाँगमध्ये भाडेनियंत्रणाचा कायदा आला आणि युद्धपूर्व इमारतींची भाडी गोठली. भाडे वाढवता येत नसल्याने मग पागडीसारख्या चोरवाटांनी पैसा घेतला जाऊ लागला. मुंबईचा भाडेनियंत्रण कायदाही त्याच वर्षीचा, १९४७ चा, आणि त्याचे परिणाम मराठी वाचकाला वेगळे सांगावे लागत नाहीत. गोठलेले भाडे देणारा जुना भाडेकरू निघून गेल्याखेरीज जागेचा खरा पैसा होत नाही, हे गणित एकदा लक्षात आले की बाठ कूचा पाणी तोडण्याचा उद्योग निव्वळ दुष्टपणा वाटत नाही. तो हिशेबी असतो, आणि म्हणून अधिक भयंकर असतो.

४. ‘खालच्यांनो, नळ बंद करा’ ही हाक चित्रपटांत सतत ऐकू येते. तिचा अर्थ काय?

ती चित्रपटवाल्यांनी रचलेली नाही. टंचाईच्या काळात हाँगकाँगच्या जिन्यांतून ही हाक रोज घुमत असे. त्या काळच्या इमारती साधारण तीन-चार मजल्यांच्या असत. रस्त्याखालच्या वाहिनीतून एकच उभी नळी सगळ्या मजल्यांना पाणी देई. पाणी दहा मीटर वर चढवायचे तर साधारण एक बार इतका दाब लागतो. कपातीच्या काळात ठरलेल्या तासांपुरतेच पाणी सुटे आणि त्याच तासांत सगळा विभाग एकदम नळ उघडत असल्याने तेवढा दाब शिल्लक राहत नसे. तळमजल्याचा नळ पूर्ण सोडलेला असला की पाणी तेथूनच बाहेर पडे आणि तिसऱ्या मजल्याच्या तोटीतून नुसती हवा सुसाटत येई. म्हणून वरची बाई जिन्याच्या कठड्यावरून वाकून ओरडे.

नैतिक पेच येथेच आहे आणि चित्रपटकारांनी तो अचूक हेरला. तळमजल्यावरचा माणूस चोरी करत नसतो, त्याच्या हक्काच्या वेळेत तो स्वतःचा नळ सोडून बसलेला असतो. तरी त्याने आपला डबा भरताक्षणी तोटी फिरवली नाही, तर वरचे बिऱ्हाड पुढच्या पाळीपर्यंत कोरडे राहते. कायदा या ठिकाणी काहीच सांगत नाही, सगळे शेजारधर्मावर येऊन ठेपते. दबावाखालचे शेजारपण पडद्यावर दाखवायला याहून चांगली जागा सापडणे कठीण आहे. मराठी शहरांत थेट वाहिनीला मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी ओढण्यावरून जे तंटे होतात, त्यांचे मूळही याच दाबाच्या गणितात आहे.

५. हाँगकाँगमध्ये पाऊस तर भरपूर पडतो. मग पाण्याचा तुटवडा का?

पाऊस पडतो हे खरे आहे. वार्षिक सरासरी २,४०० मिलिमीटरच्या आसपास आहे. मात्र त्यातला बहुतेक पाऊस मे ते सप्टेंबरमध्ये कोसळतो आणि हिवाळा कोरडा जातो. तेथे मोठी नदी नाही, नैसर्गिक सरोवर नाही, भूजलाचा मोठा साठाही नाही. डोंगर उभ्या चढणीचे आणि बरेचसे ग्रॅनाइटचे असल्याने पडलेले पाणी पाहता पाहता समुद्राला मिळते. म्हणून शहराचा सगळा इतिहास धरणे बांधण्याचा आहे. पोक फू लाम हा पहिला तलाव १८६३ चा, ताई तामचे धरण १८८० च्या दशकातले, शिंग मुनचे १९३७ चे आणि ताई लाम चुंगचे १९५७ चे.

प्रत्येक धरण पुरे होईपर्यंत लोकसंख्या त्याच्या पुढे निघून गेलेली असे. १९४५ मध्ये युद्ध संपले तेव्हा शहरात सुमारे सहा लाख माणसे उरली होती. चीनमधील यादवी युद्ध आणि १९४९ चे सत्तांतर यांमुळे निर्वासितांचे लोंढे आले आणि १९६१ च्या जनगणनेत आकडा एकतीस लाखांच्या पुढे गेला. सोळा वर्षांत पाचपट माणसे आणि पाऊस मात्र तेवढाच, अशी ती स्थिती होती.

६. १९६३ मध्ये नेमके काय घडले?

त्या वर्षी हाँगकाँगमध्ये ९०१ मिलिमीटर पाऊस झाला. नोंदी ठेवायला लागल्यापासूनचा तो नीचांक आहे. तलाव तळाला गेले आणि कपात टप्प्याटप्प्याने कडक होत गेली. मेच्या आरंभी रोज तीन तास पाणी मिळत होते, मेच्या मध्यापासून एक दिवसाआड चार तासांची पाळी आली आणि १ जून १९६३ पासून चार दिवसांतून एकदा फक्त चार तास पाणी सुटू लागले. ही शेवटची स्थिती जवळजवळ वर्षभर टिकली. लांताऊ बेटावरचे शेक पिक धरण त्याच वर्षी पुरे झाले होते, परंतु ते भरायला पाऊसच नव्हता. सरकारने जहाजे भाड्याने घेऊन पर्ल नदीच्या मुखातून गोडे पाणी भरून आणवले. मे १९६४ च्या अखेरीस ‘व्हायोला’ नावाचे वादळ आले, त्याबरोबर मुसळधार पाऊस आला आणि मग कपात उठली.

७. चार दिवसांत चार तास पाणी! माणसे राहत कशी होती?

साठवणीवर. रॉकेलचा चौकोनी पत्र्याचा डबा हे त्या काळातले मुख्य साधन होते. वरचे झाकण कापून, काठ ठोकून बोथट करून आणि आडवी काठी बसवून त्याची बादली केली जाई. अशा डब्यात साधारण अठरा लिटर पाणी मावते, म्हणजे भरलेला डबा अठरा किलोंहून जड होतो. खांद्यावर कावड घेऊन असे दोन डबे तीन मजले चढवायचे, हे काम बहुतेक घरांत बायका आणि शाळकरी मुले करत.

आलेल्या पाण्याची उतरंड ठरलेली असे. प्यायचे आणि भाताचे पाणी वेगळे झाकून ठेवायचे. तांदूळ आणि भाजी धुतलेल्या पाण्यात भांडी विसळायची, अंग पुसलेल्या पाण्यात कपडे भिजवायचे आणि शेवटी उरलेल्या गढूळ पाण्याने फरशी पुसायची किंवा ते संडासात ओतायचे. हे बारकावे मुद्दाम देत आहे, कारण त्या काळातल्या प्रेक्षकाला पडद्यावर कोणी स्वच्छ पाणी मोरीत ओतताना दिसले की त्या पात्राविषयी आणखी काही सांगावे लागत नसे. आजच्या प्रेक्षकाच्या नजरेतून ती खूण निसटते. अशा जुन्या चित्रपटात कोणी पाणी फेकले, तर कोणते पाणी फेकले ते पाहावे.

८. झळ सर्वांना सारखीच बसली का?

नाही. ज्यांच्या घरात मोठी टाकी आणि आंघोळीचे टब होते त्यांना चार दिवसांचे पाणी भरून ठेवता येई. फळ्यांच्या कप्प्यात राहणाऱ्याला डबा ठेवायला जागाही पलंगाखालीच. त्यातही एका मजल्यावर अनेक बिऱ्हाडे आणि नळ एकच, म्हणजे चार तास त्यांच्यात वाटले जात आणि एकेकाच्या वाट्याला काही मिनिटे येत. डोंगरउतारांवरच्या झोपड्यांत तर घरात नळच नव्हता, त्यांना रस्त्यावरच्या सार्वजनिक नळावर रांग लावावी लागे.

९. १९५४ चा नळावरचा चित्रपट १९६३ च्या टंचाईवर आधारलेला आहे, असे वाचले. ते कसे शक्य आहे?

ते शक्य नाही आणि सनावळीच ते सांगते. गोंधळ होतो याचे कारण १९६३ ची टंचाई इतकी भीषण होती की हाँगकाँगच्या पाण्याचा विषय निघाला की सगळ्यांना तेच वर्ष आठवते. प्रत्यक्षात तासांवर मोजून पाणी मिळणे ही पन्नासच्या दशकातही नेहमीचीच गोष्ट होती, विशेषतः कोरड्या हिवाळ्यात. १९२९ मध्येही तेथे भीषण दुष्काळ पडला होता. म्हणजे हे चित्रपट एखाद्या आपत्तीची आठवण म्हणून निघालेले नाहीत. पाहणारा प्रेक्षक खेळ संपल्यावर घरी जाऊन त्याच रांगेत उभा राहणार होता. त्यांचा हसरा सूर या पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो.

१०. टंचाई शेवटी संपली कशी?

पावसाने तात्पुरती आणि करारांनी हळूहळू. सीमेपलीकडच्या, चीनमधल्या शेन्झेनच्या तलावातून पाणी घेण्याचा पहिला करार नोव्हेंबर १९६० मध्ये झाला होता, पण त्याने भागत नव्हते. १९६३ च्या अनुभवानंतर डोंगज्यांग नदीचे पाणी आणण्याची मोठी योजना हाती घेण्यात आली. तिच्यात नदीचे पाणी पंपांनी टप्प्याटप्प्याने वर चढवून सुमारे ८३ किलोमीटर दूर शेन्झेनकडे वळवायचे होते. एप्रिल १९६४ मध्ये करार झाला आणि १ मार्च १९६५ पासून पाणी सुरू झाले. वर्षाला ६.८ कोटी घनमीटर हे त्याचे पहिले प्रमाण होते. आज हाँगकाँगच्या गोड्या पाण्यापैकी सत्तर ते ऐंशी टक्के पाणी तेथूनच येते.

शहराने स्वतःही अचाट कामे केली. समुद्राच्या खाडीचे तोंड बांधाने बंद करून, आतले खारे पाणी उपसून टाकून प्लोव्हर कोव्हचा तलाव १९६८ मध्ये तयार झाला. समुद्रात बांधलेला जगातला तो पहिला तलाव. संडासासाठी समुद्राचे पाणी वेगळ्या वाहिनीने पुरवण्याची सुरुवात पन्नासच्या दशकाच्या अखेरीस झाली आणि ती पद्धत आजही चालू आहे.

११. नदीचे पाणी आल्यावरही पुन्हा कपात झाली होती का?

होय. १९६७ च्या उन्हाळ्यात पुन्हा चार दिवसांत चार तासांची पाळी आली होती. त्या वेळच्या करारानुसार पावसाळ्याच्या महिन्यांत नदीचे पाणी घेतले जात नसे, कारण तेव्हा स्थानिक तलाव भरावेत अशी अपेक्षा असे. त्या वर्षी पाऊस लांबला आणि शहरात राजकीय दंगलीही पेटलेल्या होत्या. नंतर १९७७ मध्ये आणि अखेरची म्हणजे १९८१ ते १९८२ मध्ये कपात झाली. मे १९८२ नंतर हाँगकाँगमध्ये पाणीकपात झालेली नाही. ‘बहात्तर बिऱ्हाडे’ १९७३ मध्ये आला तेव्हा चित्रपटगृहातल्या प्रत्येक प्रौढ प्रेक्षकाने १९६३ आणि १९६७ अनुभवलेले होते, आणि बाठ कूने नळ बंद करताच प्रेक्षागारात काय भावना उसळली असेल याची कल्पना यावरून येते.

१२. ‘इन द फेस ऑफ डिमॉलिशन’मध्ये पाण्यापेक्षा घराचाच प्रश्न दिसतो. तो या यादीत का?

कारण पुढच्या सगळ्या बिऱ्हाडपटांचा पाया त्याने घातला. १९५२ मध्ये काही कलावंत आणि तंत्रज्ञांनी एकत्र येऊन युनियन नावाची चित्रसंस्था काढली. स्वस्तात आणि घाईत उरकल्या जाणाऱ्या कँटोनीज चित्रपटांना कंटाळून, सामाजिक आशयाचे नीट बांधलेले चित्रपट करावेत हा तिचा उद्देश होता. हा तिच्याच आरंभीच्या चित्रपटांपैकी एक. मोडकळीला आलेल्या इमारतीत एक शिक्षक राहायला येतो, ही भूमिका चेउंग यिंगची. तेथे टॅक्सीचालक आहे, ही उंग छो-फानची. नाचघरात काम करणारी तरुणी आहे. पैशाच्या ओढीने शिक्षक शेजाऱ्यांच्या विरुद्ध बाजूला सरकतो, आणि शेवटी वादळात इमारत ढासळते तेव्हा त्याला आपली माणसे कोण ते कळते. ‘मी सर्वांसाठी, सर्व माझ्यासाठी’ अशा अर्थाचे त्यातले वाक्य हाँगकाँगमध्ये पिढ्यान्‌पिढ्या उद्धृत केले गेले. लहानगा ब्रूस लीही त्यात दिसतो, हे अनेकांना ठाऊक नसते.

संकट आल्यावर एक होणारे शेजारी, मधल्या दलालासारखा घरमालक आणि एकाच स्वयंपाकघरात उडणारे खटके हा सगळा साचा येथून पुढे गेला. माझ्या मते या तीन चित्रपटांत सर्वांत खोल चित्रपट हाच आहे, जरी सर्वांत लाडका ‘बहात्तर बिऱ्हाडे’ असला तरी.

१३. आग लागल्यावर बंबवाले पाणी सोडायचे सोडून बोलतच बसतात. या दृश्यात लोक इतके का हसतात?

‘बहात्तर बिऱ्हाडे’तील हे सर्वांत प्रसिद्ध दृश्य आहे. कँटोनीज बोलीत पैशाला ‘पाणी’ म्हणतात. बंबवाला ऐकवतो की ‘पाणी’ असेल तर पाणी सोडू, ‘पाणी’ नसेल तर चालते होऊ. उपशीर्षकांत हा श्लेष हरवतो आणि दृश्य निरर्थक वाटते. आग विझवायच्या आधी नळी उघडण्याचे पैसे मागितले जातात, हा लोकांचा जुना कडवट अनुभव होता, आणि म्हणून ते वाक्य म्हणीसारखे रूढ झाले.

प्रदर्शनाची वेळ पाहिली की त्याची धार आणखी कळते. जून १९७३ मध्ये पीटर गॉडबर हा वरिष्ठ ब्रिटिश पोलीस अधिकारी भ्रष्टाचाराच्या चौकशीतून निसटून हाँगकाँगबाहेर पळाला आणि शहरात संतापाची लाट उसळली. चित्रपट त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये आला. फेब्रुवारी १९७४ मध्ये स्वतंत्र भ्रष्टाचारविरोधी आयोगाची स्थापना झाली. शिपाई ३६९ आणि हे बंबवाले यांच्यावर हसणारे लोक तेव्हा रस्त्यावर निदर्शनेही करत होते.

१४. ‘बहात्तर बिऱ्हाडे’ नावाचा १९६३ चा चित्रपटही सापडतो. तो वेगळा आहे की तोच?

वेगळा आहे. मूळ कृती शांघायमधले एक लोकप्रिय प्रहसन. त्यावरून १९६३ मध्ये ग्वांगझोच्या पर्ल रिव्हर स्टुडिओत वांग वेयी यांनी कँटोनीज चित्रपट केला. तो कृष्णधवल आहे आणि त्यात जुन्या राजवटीतली जुलमी व्यवस्था दाखवण्यावर भर आहे. छॉर युएन यांचा १९७३ चा चित्रपट हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या स्टुडिओचा. बाठ कू, ३६९ आणि आ हेउंग ही पात्रे दोन्हींकडे आहेत, मात्र दुसऱ्यात टोमणे आणि संदर्भ सत्तरच्या दशकातल्या हाँगकाँगचे आहेत. पाण्याचा प्रसंग दोन्हींत पाहून तुलना करण्यासारखा आहे.

१५. या एका चित्रपटाने कँटोनीज सिनेमा वाचवला, असे म्हणतात. ते खरे आहे का?

बऱ्याच अंशी, आणि त्याला एक पुरवणी जोडून. पन्नास-साठच्या दशकात कँटोनीज चित्रपट ढिगाने निघत होते. पुढे शॉ ब्रदर्ससारख्या धनाढ्य स्टुडिओंचे मँडरिन या उत्तरेकडच्या चिनी भाषेतले भव्य चित्रपट आले, १९६७ मध्ये मोफत दूरचित्रवाणी सुरू झाली आणि कँटोनीज करमणूक घरबसल्या मिळू लागली. १९७२ मध्ये तर कँटोनीज चित्रपटनिर्मिती जवळपास थांबलेलीच होती. अशा वेळी मँडरिन चित्रपटांचे माहेरघर असलेल्या शॉ ब्रदर्सनेच दूरचित्रवाणीवरचे ओळखीचे चेहरे घेऊन हा कँटोनीज चित्रपट काढला. लिडिया शम त्यांपैकीच एक. हाँगकाँगमध्ये त्याने त्या वर्षी ‘एंटर द ड्रॅगन’पेक्षाही अधिक गल्ला जमवला.

पुरवणी अशी की एका चित्रपटाने उद्योग उभा राहत नाही. १९७४ पासून हुई बंधूंच्या विनोदी कँटोनीज चित्रपटांनी ती वाट पक्की केली. तरीही पहिला दरवाजा बिऱ्हाडकरूंनीच उघडला. छॉर युएन यांचे वडील चेउंग वूड-याउ हे युनियन संस्थेच्या संस्थापकांपैकी एक आणि त्या काळचे मोठे नट होते, म्हणजे प्रश्न १२ मधली परंपरा दिग्दर्शकाला घरातूनच मिळालेली होती.

१६. ‘कुंग फू हसल’मधली कुरळ्या केसांची मालकीण याच चित्रपटावरून घेतली आहे का?

होय. स्टीफन चाऊ यांच्या २००४ च्या या चित्रपटातली वस्ती म्हणजे ‘बहात्तर बिऱ्हाडे’ला उघड मानवंदना आहे. मालकीण नळ बंद करते आणि केसांना साबण लावलेला माणूस मध्येच पाणी का गेले म्हणून विचारतो, ते दृश्य हाँगकाँगच्या प्रेक्षकाने पाहताक्षणी ओळखले. हिंदीत भाषांतरित होऊन तो आपल्याकडेही खूप पाहिला गेला, त्यामुळे अनेक मराठी प्रेक्षक मूळ चित्रपटाकडे याच वाटेने येतात. मात्र फरक ध्यानात ठेवावा. तेथली मालकीण शेवटी वस्तीची रक्षणकर्ती ठरते. हू चिन यांनी रंगवलेली बाठ कू तशी नाही, आणि चित्रपट तिला माफही करत नाही.

१७. हे सगळे आपल्या चाळीसारखेच आहे, नाही का?

वरवर पाहता आहे आणि सामाईक नळ, सामाईक संडास, चौकात पिकणारी भांडणे यांमुळे मराठी प्रेक्षकाला ते चटकन जवळचे वाटते. पण दोन गोष्टी वेगळ्या आहेत. चाळीत खोली कितीही लहान असली तरी तिला भिंती आणि दार असते. हाँगकाँगच्या त्या इमारतींत एकाच खोलीचे फळ्यांनी अनेक कप्पे केलेले असत, काहींच्या वाट्याला तर फक्त एक बिछाना येई. दुसरे म्हणजे चाळीत बहुधा एका गावची, एका भागाची माणसे एकत्र येत. हाँगकाँगच्या इमारतीत मात्र शांघायचा, ग्वांगडोंगचा आणि उत्तरेकडचा निर्वासित शेजारी शेजारी येऊन पडलेला असे. ‘बहात्तर बिऱ्हाडे’त निरनिराळ्या हेलांवरून जो विनोद होतो, त्याचे कारण हे आहे. तेथे शेजारधर्म गावाकडून बरोबर आलेला नव्हता, तो नळाच्या रांगेत घडवावा लागला.

१८. हे चित्रपट कोठे आणि कशा आवृत्तीत पाहावेत?

‘बहात्तर बिऱ्हाडे’ची दुरुस्त केलेली आवृत्ती इंग्रजी उपशीर्षकांसह डीव्हीडीवर निघालेली आहे. शॉ ब्रदर्सचा जुना संग्रह सेलेस्टियल या कंपनीने घेऊन त्यातले शेकडो चित्रपट नव्याने स्वच्छ केले, त्यांत हाही आहे. मँडरिन भाषांतर केलेली आवृत्ती मिळाली तर ती टाळावी, कारण हेल आणि श्लेष दोन्ही जातात. पन्नासच्या दशकातल्या चित्रपटांची स्थिती अवघड आहे. अनेकांच्या प्रती खराब आहेत आणि उपशीर्षके नाहीत. हाँगकाँगला जाणाऱ्यांनी साई वान हो येथील चित्रपट संग्रहालयाचे कार्यक्रम पाहून ठेवावेत, तेथे असे खेळ होत असतात.

१९. लहान मुलांबरोबर ‘बहात्तर बिऱ्हाडे’ पाहता येईल का?

दहा-बारा वर्षांच्या पुढच्या मुलांबरोबर पाहायला हरकत नाही. मारामारी हास्यास्पद पद्धतीची आहे आणि रक्तपात नाही. मुलीला विकण्याचे कथानक मात्र मुलांना आधी समजावून सांगावे लागेल, कारण चित्रपट ते गृहीत धरून पुढे जातो. बंबवाल्यांच्या दृश्याआधी प्रश्न १३ मधला श्लेष सांगून ठेवावा. त्याहून लहान मुलांना अडीच-तीन मजले कावड चढवणे म्हणजे काय हे आधी प्रत्यक्ष दाखवले, भरलेली एक बादली जिन्याच्या एका वळणापर्यंत न्यायला सांगितले, तर पाण्याची दृश्ये त्यांना कोणत्याही स्पष्टीकरणावाचून कळतात.